झाडेंचा कोटिनिन रिपोर्ट

“मॅडम, तुमचा पेशंट खोटं बोलतोय.”

डॉ. पुरोहित फोनवर नमस्कार-बिमस्कार करत नाहीत. ते आमच्या हॉस्पिटलच्या किडनी विभागाचे हेड, माझ्यापेक्षा बरेच सीनियर. मी छातीची डॉक्टर. माझी ओपीडी चालू होती. एका आजोबांचा एक्स-रे समोर लावलेला होता.

“कोणता पेशंट, सर?”

“झाडे. डोनर. त्याचा कोटिनिन पॉझिटिव्ह आलाय. थोडाथोडका नाही, भरपूर. तो अजून सिगरेट ओढतोय. मी त्याला डोनर म्हणून बाद करतोय.”

“सर, त्यांचा कोटिनिन पॉझिटिव्हच येणार. त्यांना मी निकोटिनचा पॅच लावलाय.”

पलीकडे रिपोर्टची पानं उलटल्याचा आवाज आला.

“पॅच अजून चालू आहे? मला वाटलं, सोडली म्हणजे सगळंच सोडलं.”

“सिगरेट सोडली आहे. निकोटिन अजून सुटायचं आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर.”

“मग मीटिंगमध्ये सिद्ध करून दाखवा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आजोबांना तपासून मी पुढचा नंबर पाच मिनिटं थांबवला आणि चहा मागवला. प्रकरण निस्तरता येण्यासारखं होतं. फक्त ते लवकर निस्तरायला हवं होतं, कारण वेळ कमी होता. माझ्याकडे नाही, झाडेंच्या बायकोकडे.

दिवाकर झाडे हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर होते. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. वय पन्नाशीचं, अंग काटक, आवाज मोठा. भट्टीजवळ हळू बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे ते घरीही तसेच बोलत. त्यांची बायको रेखाताई, माहेर भिवापूरचं, अंगणवाडी सेविका. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. डायलिसिससाठी हातावर केलेली फिस्टुला, म्हणजे नसांची जोडणी, बंद पडली होती. आता मानेतल्या नळीवर काम भागत होतं. अशी नळी फार काळ ठेवता येत नाही. तिच्यातून इन्फेक्शन रक्तात जातं.

किडनी द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. रेखाताईंची आई फार म्हातारी, भावाला डायबिटीस. झाडेंचा ब्लड ग्रुप जुळला. ते डॉक्टरांसमोर म्हणाले, “घ्या ना माही. दोन आहेत, दोघायले एकेक.” आमच्याकडे डोनरच्या खुर्चीत बहुतेक वेळा कोणाची तरी बायको, आई नाहीतर बहीण बसलेली असते. नवरा बसलेला असला की सिस्टर लोक मुद्दाम डोकावून जातात.

अडचण एकच. झाडे मिसरूड फुटल्यापासून सिगरेट ओढत होते. ओढणाऱ्या माणसाला भूल दिली की ऑपरेशननंतर त्याची छाती भरते, न्यूमोनिया होतो, जखम उशिरा भरते. चांगल्या धडधाकट माणसाचं पोट उघडून किडनी काढायची, तर त्याला इतकीही जोखीम द्यायची नाही, हा डॉ. पुरोहितांचा नियम. नियम बरोबरच आहे. त्यांनी चिठ्ठीवर दोन शब्द लिहून झाडेंना माझ्याकडे पाठवलं होतं: ‘सिगरेट सोडवा.’

पहिल्या भेटीला दोघं आली होती.

“दिवसाला किती?” मी विचारलं.

“मोजली नाही, मॅडम. एक विझली का दुसरी पेटते.”

“सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं?”

“उठल्यावर?” रेखाताई मध्येच बोलल्या. “यायची तर डोळे उघडाच्या आधी पेटते. मच्छरदाणीले भोकं पडले आहेत.”

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. किती ओढता, यापेक्षा उठल्यावर पहिली कधी ओढता, यावरून व्यसन किती खोल आहे ते जास्त नीट कळतं. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरतं. ज्याला ते डोळे उघडताच भरून काढावं लागतं, त्याला नुसत्या उपदेशानं काही होत नाही. हलक्या डोसनंही होत नाही.

झाडेंनी पूर्वी एकदा मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंगम आणलं होतं.

“बेकार चीज आहे थे,” ते म्हणाले. “उचकी लागली, छातीत जळजळ, अन् मळमळून आलं. फेकून देल्लं.”

“खाल्लं कसं?”

“कसं म्हंजे? चावलं अन् रस गिळला.”

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. नावात च्युइंगम आहे, म्हणून लोक ते च्युइंगमसारखं चावतात. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. गिळलं की ते पोटात जातं, तिथे जळजळ करतं आणि मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही.

“तुमच्या खात्यात खर्रा खाणारे आहेत?”

“मले सोडून सगळेच.” नागपुरात हे सांगायची गरज नव्हती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे पानठेल्यावर दिवसभर चालू असतो.

“ते खर्रा कसा खातात?”

“गालात दाबून ठेवते.”

“च्युइंगमचंही तसंच करायचं. हळूहळू चावायचं. जिभेला मिरीसारखी झिणझिण लागली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचं. झिणझिण गेली की परत चार वेळा चावायचं. गिळायची घाई नाही. तोंडात च्युइंगम असताना चहा नाही, सरबत नाही.”

“चहा बी नाही?”

“आधी थोडा वेळ आणि तोंडात असेपर्यंत. एरवी प्या. आणि पद्धत तेवढी खर्र्याची घ्या, खर्रा नका घेऊ.”

रेखाताई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. “मॅडम, ज्याचं व्यसन, थेच औषध म्हून देता? दारू सोडाले दारू देते का कोणी?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांना सांगितलं, माणसाला सिगरेटशी बांधून ठेवतं ते निकोटिन. पण फुप्फुसं जाळतो, नसा बंद करतो तो धूर. धुरात डांबर असतं, विषारी वायू असतात. मी त्यांना निकोटिन देते, धूर काढून घेते. डोकं शांत राहिलं की माणूस आपल्या सवयी बदलू शकतो. मग निकोटिनही हळूहळू कमी करत आणायचं. पॅच कातडीतून दिवसभर संथ निकोटिन सोडतो. अचानक तलफ आली की च्युइंगम. दोन्ही बरोबर चालतात.

मी मोठ्या ताकदीचा पॅच आणि चार मिलिग्रॅमचं च्युइंगम लिहून दिलं. माझ्या अनुभवात हे औषध फसतं ते बहुतेक वेळा डोस भित्रा दिल्यामुळे. डॉक्टर घाबरून कमी देतात, पेशंट घाबरून कमी वापरतात आणि मग दोघंही म्हणतात की औषधात दम नाही.

त्या दिवशी मी त्यांना फुंकायला लावलं. आमच्याकडे मुठीत मावणारं एक मशीन आहे. श्वास रोखून त्यात फुंकलं की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. हा वायू काही जळलं की धुरात येतो. न ओढणाऱ्याचा आकडा पाच-सहाच्या आत असतो. झाडेंचा तिशीच्या पुढे होता. मशीनचा लाल दिवा लागला. झाडे त्याच्याकडे असे बघत होते, जणू चलान फाडणारा पोलीस समोर उभा आहे.

सोडायचा दिवस त्यांनीच ठरवला. पहिल्या आठवड्यातच परत आले.

“मॅडम, पॅच टिकत नाही. घामानं निघून पडते. काल साच्यापाशी पडला. सुपरवायझर म्हणे, हे बँडेज कोनाचं?”

मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात सावलीत उभ्या माणसालाही घाम फुटतो. हे तर भट्टीसमोर. शिवाय आंघोळीनंतर अंगाला खोबरेल तेल लावायची सवय. तेलावर कोणताही पॅच चिकटत नाही. दुसरी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटली. पॅच गरम झाला की निकोटिन भरभर सोडतो. भट्टीसमोर पॅच लावलेला दंड तापला तर चक्कर येऊ शकते, आणि भट्टीपाशी चक्कर येणं परवडणारं नाही.

“भट्टीकडे तोंड करून काम करता ना? मग पॅच पाठीवर लावा, खांद्याच्या खाली. पाठ कोरडी करायची, तेल लावायचं नाही. पॅचवर तळहात दाबून धरायचा. वरून कागदी टेप.”

“पाठीवर माहा हात कसा पुरन?”

“रेखाताईंचा पुरेल.”

तेव्हापासून रोज सकाळी रेखाताई पॅच लावून देऊ लागल्या आणि जुना काढून टाकू लागल्या. पहिल्या काही रात्री झाडेंना चित्रविचित्र स्वप्नं पडली. कंपनीची बस पुढे आणि ते लुंगीवर मागे पळताहेत, असं काहीतरी. पॅच रात्री अंगावर असला की असं होतं. झोपायच्या आधी काढायला सांगितला, स्वप्नं थांबली. मध्ये एकदा फोन आला, “मॅडम, दोन झुरके मारले. भांडण झालतं सुपरवायझरसंगं.” मी म्हटलं, पॅच काढू नका, पाकीट फेका, उद्यापासून पुढे चालू. पुढच्या प्रत्येक भेटीला मशीनचा आकडा उतरत गेला आणि शेवटी सहाच्या आत आला. हिरवा दिवा. डोनरच्या तपासण्या सुरू झाल्या. आणि त्यांच्या यादीत कोटिनिन होतं.

कोटिनिन म्हणजे निकोटिन शरीरात पचल्यावर त्याचं जे होतं ते. लघवीत सापडतं. ते सिगरेटमधून आलं, खर्र्यातून आलं, की माझ्या पॅचमधून आलं, हे टेस्टला कळत नाही. लॅबनं पॉझिटिव्ह म्हटलं ते खरंच होतं. चुकीचा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. पण निष्कर्ष माझ्या आधी डायलिसिस युनिटमध्ये पोचला होता.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेले तेव्हा रेखाताई बेडवर होत्या, मशीन चालू होतं. झाडे दाराशी हेल्मेट हातात धरून उभे. पहिल्या शिफ्टमधून सरळ आलेले, शर्टावर काळे डाग.

“मॅडम, यायले सांगा, मले यायची किडनी नको,” रेखाताई म्हणाल्या.

“रेखाताई, ऐका तर.”

“मी रोज सकाळी यायच्या पाठीले पॅच लावून देऊन राहिली. अन् हे तिकडं जाऊन सिगरेट पेऊन राहिले. मी डायलिसिसवर मरून जाईन, पर खोट्याची किडनी पोटात घेऊन नाही जगाची. आज सकाळी मी पॅच बी नाही लावला.”

“मी नाही पेली वं,” झाडे म्हणाले. एवढंच. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मी रेखाताईंना टेस्टचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग कोन्ती टेस्ट सांगते, पेली का नाही पेली?”

“धुराची. पॅचमध्ये धूर नसतो. चला झाडे, फुंकून दाखवा.”

मी अगदी निर्धास्तपणे त्यांना माझ्या ओपीडीत नेलं. पाठीला नवीन पॅच लावून दिला. मशीन हातात दिलं. त्यांनी श्वास रोखला, फुंकलं.

बारा.

पिवळा दिवा लागला. बारा हा दिवसभर ओढणाऱ्याचा आकडा नाही आणि न ओढणाऱ्याचाही नाही. झाडेंना आकडा वाचता येत होता.

“आता तुमी बी नाही मानसान,” ते म्हणाले आणि हेल्मेट उचललं.

“बसा.” मी पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा बारा. मशीन ठीक होतं. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, कपड्यांचा वास घेतला. धुराचा वास होता, पण तो तंबाखूचा नव्हता. मग लक्षात आलं की याआधी दर वेळी ते सुट्टीच्या दिवशी येत असत. कामावरून सरळ आज पहिल्यांदा आले होते.

“तुमची भट्टी कशावर चालते?”

“कोकवर. काहून?”

कोक म्हणजे भाजलेला दगडी कोळसा. तो जळताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. मला कारण सापडलं असं वाटलं. पण वाटणं मीटिंगमध्ये चालत नाही.

“तुमच्या बाजूला काम करणारा, बिडी-सिगरेट अजिबात न ओढणारा कोणी आहे?”

“बावणे आहे. खर्रा खाते, पर बिडी-सिगरेटीचा वास बी सहन नाही होत त्याले.”

“उद्या ड्युटी सुटली की दोघं इकडे या. कुठे थांबू नका.”

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच मोटरसायकलवर आले. बावणे बारीक, चष्मा लावलेला, हॉस्पिटलला घाबरणारा माणूस. त्यानं फुंकलं. अकरा. झाडेंनी फुंकलं. बारा.

“हे काय आहे, मॅडम?” बावणेनं विचारलं.

“तुमच्या श्वासात धूर आहे.”

“पर मी तं कधी पेलीच नाही! म्हंजे मी न पेताच पेऊन राहिलो?”

“भट्टी पेऊन राहिले तुम्ही,” मी म्हटलं.

झाडे मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा खरा आवाज ऐकला. बावणे काही हसला नाही. त्यानं त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तिथून दोघं डायलिसिस युनिटच्या वेटिंगमध्ये गेले. रेखाताई तपासणीसाठी आल्या होत्या. मीही मागोमाग गेले. बावणे हात जोडून म्हणाला, “वहिनी, माहा बी अकरा आला. तुमी मले बी झोडपाल का आता?” रेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पॅच कोनं लावला आज?”

“कोनंच नाही.”

“चला घरी.”

आणखी एक गोष्ट राहिली होती, भट्टीपासून लांब असताना आकडा उतरतो का ते बघायची. झाडेंच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी आधी न सांगता भर दुपारी फोन केला. ते सीताबर्डीला होते, रेखाताईंच्या चपला घ्यायला. “आत्ताच्या आत्ता या.” मेट्रोनं आले, चपलांची पिशवी हातात. फुंकलं. आकडा दोन. त्यांना खरं वाटेना, त्यांनी आपणहून परत फुंकलं. परत दोन.

मीटिंगला डॉ. पुरोहित, सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. मी आकडे सांगितले, बावणेचेही. डॉ. पुरोहितांनी शांतपणे ऐकलं. ते रागीट आहेत पण हट्टी नाहीत.

“ठीक. मानलं, तो ओढत नाही. पण माझ्या प्रोटोकॉलमध्ये कोटिनिन निगेटिव्ह लागतं. सोपं करू. पॅच आज काढा. निकोटिन उतरलं की परत टेस्ट करू. आली निगेटिव्ह की ऑपरेशन.”

“पॅच आज काढला तर टेस्ट निगेटिव्ह येईल, सर. पण त्या दिवसांत तो परत सिगरेट ओढेल, याची शक्यताही तेवढीच आहे. बायको आजारी, स्वतःचं ऑपरेशन समोर, आणि औषध मध्येच बंद. तुम्हाला निगेटिव्ह रिपोर्ट हवाय, की न ओढणारा डोनर?”

“दोन्ही.”

“मग कोर्स पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल.”

“तेवढं ती थांबू शकत नाही. मानेतली नळी कधीही दगा देईल.”

“म्हणूनच म्हणते, पॅचसकट घ्या.”

त्यांनी भूल देणाऱ्या मॅडमकडे पाहिलं. “मला धूर नको,” त्या म्हणाल्या. “छाती साफ असली पाहिजे. पॅचवर मी भूल देऊ शकते. बिनपॅचचा, तलफ आलेला पेशंट मला जास्त त्रास देतो.”

डॉ. पुरोहितांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, “तो भट्टीवर जाणार नाही. रजा घेईल. तुम्ही वाटेल तेव्हा बोलवून फुंकायला लावाल. एकदा जरी आकडा वर गेला, तर?”

“तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि केस थांबवा.”

“तुमच्या जबाबदारीवर,” ते म्हणाले.

“माझ्या जबाबदारीवर,” मी म्हटलं. आवाज ठीक आला. रात्री झोपही ठीक लागली. औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता, माणूस खरा होता. यापेक्षा जास्त आमच्या हातात नसतं.

रजेचे दिवस झाडेंना कामापेक्षा जड गेले. रिकामं बसलं की हात खिशाकडे जातो. मी त्यांना च्युइंगम तलफ येण्याची वाट न बघता घ्यायला सांगितलं, विशेषतः चहानंतर जरा थांबून, कारण त्यांची सिगरेट चहाला बांधलेली होती. बोलावलं की यायचे. दोन, तीन, दोन.

मग एका दिवशी मी फोन केला तर उचलला नाही. परत केला. बंद. दुपारभर बंद. ज्या माणसासाठी तुम्ही शब्द दिला आहे, त्याचा फोन बंद असला की मनात बरंच काही येतं. मी स्वतःला सांगत होते की बॅटरी गेली असेल.

ओपीडी संपवून निघाले आणि कॅज्युअल्टीच्या बाहेर झाडे दिसले. रेखाताईंना थंडी वाजून जोराचा ताप आला होता. नळीतून इन्फेक्शन झालं होतं. आत अँटिबायोटिक चालू झालं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते. फाटकापलीकडे दुसऱ्या पेशंटचे दोन-तीन नातेवाईक सिगरेट ओढत होते. वारा इकडेच वाहत होता.

“फोन का बंद आहे?” मी विचारलं.

“घरीच राहिला, मॅडम. हिले उचलून ऑटोत टाकलं अन् निघालो.” त्यांचा जबडा हळू हलत होता, मग थांबला. गालात च्युइंगम. “त्यातल्या एकानं मले देल्ली. म्हणे, घ्या काका, टेन्शन कमी होते. हातात घेतली होती मी.”

“मग?”

“मंग परत देल्ली.” त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. “मॅडम, मशीन आना तुमची. आजच मोजा. आजच्या दिवशी मोजा.”

मी मशीन आणलं. कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून त्यांनी फुंकलं. तीन. मी तो आकडा डॉ. पुरोहितांना फोन करून सांगितला. कोणत्या परिस्थितीत आला तेही सांगितलं.

“हं,” ते म्हणाले. मग, “ताप उतरला की तारीख देतो.”

ताप उतरला. नळी बदलली. ऑपरेशन झालं. झाडेंना भूल उतरल्यावर सिस्टरनं जोरात खोकायला सांगितलं तर ते इतके जोरात खोकले की शेजारच्या बेडवरचा पेशंट उठून बसला. छाती साफ होती. पाठीवर नवीन पॅच होता, आता आधीपेक्षा लहान ताकदीचा. रेखाताईंच्या नव्या किडनीनं ऑपरेशन टेबलावरच लघवी करायला सुरुवात केली. सर्जन लोकांना याहून सुंदर दृश्य माहीत नसतं.

काही आठवड्यांनी पॅच पूर्ण बंद झाला. च्युइंगम त्यानंतर थोडं चाललं, मग तेही सुटलं. डॉ. पुरोहितांनी शेवटी एकदा कोटिनिन केलंच. निगेटिव्ह. आता त्याची कोणाला गरज नव्हती, पण त्यांना बघायचं होतं. त्यांनी नंतर आपल्या प्रोटोकॉलमध्ये एक ओळ वाढवली: पॅच किंवा च्युइंगम चालू असलेल्या डोनरची श्वासाची तपासणी करावी, आणि तो काय काम करतो ते विचारावं.

बावणेनं त्याचा फोटो कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला दाखवला. बरीच वादावादी झाली म्हणे. बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन बदलला. पुढे तो खर्रा सोडायला माझ्याकडे आला. त्याची केस वेगळी आहे आणि अजून चालू आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मी यातून दोनच गोष्टी सांगते. निकोटिन द्यायचं तर पुरेसं द्या आणि पुरेसे दिवस द्या. आणि कोणतीही टेस्ट लिहिण्याआधी ती नक्की काय मोजते ते वाचा. माणूस खोटं बोलतो की नाही, हे मोजणारी टेस्ट आपल्या लॅबमध्ये अजून आलेली नाही.